हळूबाईचा हात

माझ्या वहिनीला तिच्या माहेरी सगळे हळूबाई म्हणायचे. लग्नानंतर ते नाव तिच्या मागोमाग आमच्याकडे आलं, आणि असलं नाव हाती लागल्यावर मी थोडीच सोडणार. ती दार लावायची तर कडी वाजायची नाही. भांडी घासायची तर शेजारच्या खोलीत पत्ता लागायचा नाही की स्वयंपाकघरात कोणी आहे. एखादी बाई इतकी हळू असली की घरातल्या बाकीच्यांना आपण उगाच आदळआपट करतो असं वाटायला लागतं, आणि ते मला कधीच आवडलं नाही. मी शिवणकाम करते. माझं मशीन खडखडतं, कात्री करकरते, आणि जिभेबद्दल तर बोलायलाच नको. दादा मला सुई म्हणतो. लग्न मी केलं नाही, त्यामुळे भावाच्या संसारात तिसरं माणूस म्हणून कायमची चिकटले. एक सुई, एक हळूबाई, आणि दादाचा खोकला. असं आमचं घर.

खोकल्याला मी घरातल्या माणसांत मोजते, कारण तोही आमच्यात राहायलाच आला होता. एका साध्या सर्दीबरोबर आला, सर्दी गेली आणि हा राहिला. एखादा पाहुणा बॅग भरून ठेवतो पण दारातून हलत नाही, तसा. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, छाती स्वच्छ. नाक पाहिलं, घसा पाहिला, पोटात नळी घालून पाहिलं, सगळं स्वच्छ. दर वेळी स्वच्छ म्हणताना डॉक्टर आमच्याकडे असे बघायचे, जसा काही हा खोकला आम्ही घरीच तयार करतो. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी सांगितलं की काही लोकांच्या श्वासनलिकेतल्या नसा गरजेपेक्षा जास्त जाग्या होतात. थंड हवा, अत्तराचा वास, हसणं, फोनवर चार वाक्यं बोलणं, काहीही त्यांना पुरतं. त्यावर औषध काय, असं विचारलं तर ते म्हणाले, तसं नेमकं औषध अजून नाही, शोधताहेत.

दादा ग्रंथालयात कामाला. त्यातही वाचनकक्षाच्या टेबलावर. सगळ्या शहरात जिथे माणसाने गप्प बसायचं, नेमकी तीच जागा. वाचणारे आधी मान वर करून बघायचे, मग उठून लांबच्या खुर्चीवर जायचे, मग तक्रार करायला लागले. वरिष्ठांनी दादाला गोड बोलून तळघरात पाठवलं. तिथे फाटकी पुस्तकं चिकटवायची, पुठ्ठे बदलायचे. "पुस्तकं तक्रार करत नाहीत," असं दादा घरी येऊन हसत म्हणाला, आणि हसला म्हणून परत खोकत बसला. वाचनकक्ष त्याचा जीव होता. कोणता वाचक कोणत्या खिडकीशी बसतो, कोण पानं दुमडतो, कोण नुसता पंख्याखाली झोपायला येतो, हे तो आम्हाला जेवताना रंगवून सांगायचा. तळघरात गेल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि उरलं असतं तरी सांगण्याइतका दम नव्हता.

त्याच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. इतकी वर्षं ऐकून माझे कान किटले होते. तो खोकायला लागला की माझा पाय मशीनच्या पायडलवर आपोआप थांबायचा, आणि तो थांबला की चालू व्हायचा. खरं सांगते, कधी कधी मला त्याचा राग यायचा. आजारी माणसाचा राग यावा याची लाजही वाटायची, आणि त्या लाजेचा पुन्हा राग. घरात तिघंही थकलेले असले की कोणी कोणाला विचारायचं, बरं आहे का म्हणून? आम्ही विचारणंच सोडून दिलं होतं.

आता वहिनीबद्दल. ती औषधशास्त्राच्या एका संशोधन संस्थेत काम करते. डॉक्टर आहे, पण माणसं तपासणारी नव्हे. पेशींवर कोणतं औषध कुठे जाऊन बसतं, त्याने आत काय हालतं, हे बघणारी. लग्न झालं तेव्हा ती हृदयाच्या कसल्याशा रिसेप्टरवर काम करायची. दादाचा खोकला मुक्कामी आल्यावर तिने स्वतःहून मागून घेतलं की मला खोकल्याच्या गटात टाका. त्या गटाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. उंच, करड्या केसांच्या, बोलताना पेनाचं टोपण काढायचं आणि लावायचं अशी सवय. त्यांनी विचारलं, का? वहिनीने सांगितलं, घरी ऐकू येतं म्हणून. मोठ्या बाईंनी टोपण लावलं आणि हो म्हटलं.

रिसेप्टर म्हणजे काय हे मी तिला एकदा इस्त्री करता करता विचारलं होतं. ती म्हणाली, पेशीच्या अंगावर दारं असतात, प्रत्येक दार ठरावीक पाहुण्यालाच उघडतं. मी म्हटलं, आपल्या घरापेक्षा बरं आहे की मग. ती हसली आणि तिने नेटाने पुढचं सांगितलं. कुठल्याही पेशीला धक्का लागला, इजा झाली, की तिच्यातून एक पदार्थ झिरपतो. तो पदार्थ शेजारच्या नसेच्या दारावर जाऊन बसला की दार उघडतं, आणि नस मेंदूला कळवते, काहीतरी गडबड आहे, खोका. दादाच्या नसांवरची ही दारं बहुतेक फार हलकी झाली होती. वाऱ्यानेसुद्धा उघडणारी. त्या दाराला बाहेरून कडी लावणारं औषध मिळालं तर तो गप्प बसेल. हे ‘गप्प बसेल’ तिने इतक्या हळू म्हटलं की मी इस्त्री उभी करून ठेवली.

त्यांच्या संस्थेतले पांढरे कोट मीच शिवायचे, म्हणून तिची जागा मी पाहिली आहे. अरुंद खोली, एका भिंतीला उबदार कपाट, त्यात पेशी वाढतात. काचेमागे सतत घुमणारी हवा. टेबलावर तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट, तिला नखाएवढ्या खाचा, खाचांत गुलाबी पाणी. पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, त्या तळाशी चिकटून बसलेल्या असतात. त्यांच्यावर ते दार मुद्दाम भरपूर बसवलेलं. शिवाय त्यांना एक रंग पाजलेला असतो, दार उघडलं की पेशी चमकते. वहिनी आधी काही खाचांत औषध घालायची आणि काहींत नुसतं साधं द्रावण. थोडं थांबायचं. मग हातातल्या, मोजून द्रव सोडणाऱ्या पिपेटने प्रत्येक खाचेत द्रावणाची एक बारीक धार सोडायची. हा धक्का. खोकणाऱ्याच्या घशाला हवा लागते, तशी ही धार पेशींना लागायची. ज्या खाचा चमकल्या त्यांची दारं उघडली, ज्या काळ्या राहिल्या त्यांची बंद. माझ्यासमोर तिने हे केलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. इतकं मन लावून मी कोणाचं पोलकंसुद्धा शिवलं नसेल.

पुष्कळ औषधं आली आणि गेली. मग एक आलं, फिकट पिवळ्या रंगाचं. त्याला लांबलचक क्रमांक होता, पण आमच्या घरात त्याचं नाव पडलं पिवळं. पिवळ्याने खाचा काळ्या राहिल्या. परत केलं, परत काळ्या. शेजारच्या साध्या द्रावणाच्या खाचा लखलखताहेत आणि पिवळ्याच्या गप्प. वहिनी घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि चप्पल न काढताच तशीच उभी राहिली. दादाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. नवरा-बायकोत जे बोलावं लागत नाही ते मला सगळ्यात आधी दिसतं. तिसऱ्या माणसाला दुसरा उद्योग काय असतो?

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. दादा सुतावरून स्वर्ग गाठायला लागला. पिवळं प्राण्यांवर जाईल, मग माणसांवर, मग आपण रांगेत उभे राहू. वहिनी सांगत राहिली की याला काळ जातो, आणि संशोधन करणारीच्या नवऱ्याला चाचणीत घेत नाहीत. तो म्हणायचा, दुकानात आल्यावर घेईन, मला घाई नाही. पण घाई होती. एक दिवस तो माझ्या खोलीत आला, हातात आकाशी रंगाचं कापड. शर्ट शिव म्हणाला, कडक कॉलरचा, टेबलावर बसायला शोभेल असा. कुठल्या टेबलावर हे मी विचारलं नाही. माप घेताना त्याच्या बरगड्या हाताला लागत होत्या. खोकून खोकून माणूस चिपाड झाला होता. मी दोन बोटं जास्त सोडून कापड कापलं, बरा झाला की भरेल म्हणून. म्हणजे मीही काही शहाणी नव्हते.

मोठ्या बाईंनी पिवळं दुसऱ्या एका संस्थेकडे पाठवलं. अशी रीत असते, दुसऱ्या हाताने करून तेच आलं पाहिजे. त्या संस्थेत माणसाऐवजी यंत्र पिपेट धरतं. यंत्राने सगळं केलं आणि कळवलं, आम्हाला पिवळ्यात आणि साध्यात काहीच फरक दिसत नाही. इकडे लोक बुचकळ्यात पडले. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. परत पाठवलं, परत तेच उत्तर. वहिनीच्या गटातल्या दुसऱ्या एकाने हाताने करून पाहिलं, त्याला थोडा फरक आला, पण तिच्याइतका नाही. मग सगळ्यांनी मिळून एक सोयीचा निष्कर्ष काढला. यंत्र आडदांड आहे, इतरांचे हात कच्चे आहेत, हे नाजूक काम आहे आणि ते हळूबाईच्या हातालाच जमतं. हो, तिथेही आता तिला हळूबाई म्हणत होते, मीच एकदा कोट द्यायला गेले असताना बोलून गेले होते. त्या संस्थेचे लोक येऊन तिचा हात बघून शिकणार असं ठरलं. मोठ्या बाई एका परिषदेत पिवळ्यावर बोलणार होत्या. वहिनी हे सांगताना लाजत होती. तिची अशी वाहवा आयुष्यात पहिल्यांदाच होत होती, आणि मला, नणंद असूनही, बरं वाटलं.

मग एका संध्याकाळचं जेवण. काही विशेष नव्हतं, आम्ही तिघं, टेबलावर ताटं, मध्ये पाण्याचा जग. माझं दिवसभर एका गिऱ्हाइकाशी वाजलं होतं, त्यामुळे माझा पारा आधीच चढलेला. वहिनी पाणी ओतत होती. माझ्या पेल्यात वरून ओतलं, भळकन, चार थेंब माझ्या ताटात उडाले. स्वतःच्या पेल्यात तसंच. मग दादाचा पेला तिने उचलला, तिरका धरला आणि जगाचं तोंड काठाला टेकवून कडेकडेने पाणी सोडलं. आवाज नाही, थेंब नाही, बुडबुडा नाही. हे मी रोज बघत होते. त्या दिवशी बोलले.

"दादाच्या पेल्यात कसं लोण्यासारखं ओततेस," मी म्हटलं, "आणि आमच्या पेल्यात म्हणजे बादली उपडी. एकच जग आहे ना गं तो?"

दादा हसला आणि खोकायला लागला. वहिनी हसली नाही. ती जग हातात धरून उभी राहिली. मला वाटलं लागलं हिला, आणि मनात म्हटलं, लागू दे जरा. मग ती खाली बसली आणि जेवण संपेपर्यंत स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. भाजी वाढू का विचारलं तर नको म्हणाली. ताट तसंच ठेवून उठली.

पुढचे काही दिवस ती लवकर जायची आणि आली की गप्प. गप्प तर ती नेहमीच, पण हे मूग गिळून बसणं वेगळं होतं. मी मनाशी म्हटलं, नणंदेच्या एका टोमण्यावर इतकं? मग एका दुपारी, संस्थेला सुट्टी नसताना, ती घरी आली. दादा कामावर होता. ती सरळ माझ्या खोलीत आली आणि कापडाच्या ढिगावर बसली. मी ओरडणार होते की ते गिऱ्हाइकाचं कापड आहे, पण तिचा चेहरा पाहून पाय मशीनवरून काढला.

तिने सांगितलं ते असं. तिच्या शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला काम करतो, भला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिने त्याला विनंती केली की औषध तू घाल, माझ्यामागे, वाटेल त्या खाचेत पिवळं आणि वाटेल त्या खाचेत साधं. कुठे काय घातलंस ते मला सांगू नकोस, मी फक्त धार सोडायला येईन. याआधी असं कोणी केलं नव्हतं, कारण पिवळं मुळातच पिवळं. नळीवरचं नाव झाकलं तरी रंग दिसतोच, मग झाकायचं कशाला, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. पण खाचेतल्या गुलाबी पाण्यात पडल्यावर तो रंग दिसत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चष्मेवाल्याने घातलं. वहिनीने धार सोडली. सगळ्या खाचा चमकल्या. पिवळ्याच्या काय, साध्याच्या काय, सगळ्या सारख्या. तिने परत केलं, परत सारख्या. मग शेवटी तिने कुठे काय आहे हे माहीत असताना, पूर्वीसारखं केलं. पिवळ्याच्या खाचा काळ्या.

मला चटकन समजलं नाही. ती म्हणाली, "ताई, पिवळ्याच्या खाचेत मी धार कडेने सोडत होते. हळू. साध्याच्या खाचेत वरून. मला माहीतच नव्हतं. धक्काच कमी लागला तर दार कशाला उघडेल?"

"म्हणजे औषध काहीच करत नाही?"

"काही नाही. पाणीच समज."

मग ती रडायला लागली, तेही आवाज न करता. मी फसवलं नाही गं, असं मधूनमधून म्हणत होती. मला काय ते सांगायची गरज नव्हती. मी रोज कापड कापते. साधं सुती असलं की कात्री धावते, आणि कोणाच्या लेकीच्या लग्नाचं रेशीम आलं की तीच कात्री, तोच हात, आपोआप हळू होतो. हाताला कोणी सांगत नाही. त्याला कळतं की हे जपायचं आहे. वहिनीच्या हाताला कळलं होतं की पिवळ्याच्या खाचेत दादा आहे. मी तिला एवढंच म्हटलं, की रेशमावर माझाही हात तसाच चालतो. तिने मान डोलावली. तिच्या मांडीखालचं कापड चुरगळून गेलं होतं, ते मी नंतर इस्त्री केलं.

मोठ्या बाईंना तिने त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, टोपण काढलं, लावलं, परत काढलं. चष्मेवाल्याला बोलावून पुन्हा औषध घालायला लावलं, धार या वेळी दुसऱ्याच माणसाने सोडली, आणि तेच आलं. परिषदेतलं भाषण त्यांनी रद्द केलं. त्या संस्थेला पत्र गेलं की तुमचं यंत्र बरोबर होतं. कोणी वहिनीवर आवाज चढवला नाही. उलट मोठ्या बाई म्हणाल्या, नळ्या झाकायच्या हे सांगणं माझं काम होतं. पण जेवणाच्या खोलीत ती गेली की बोलणं थांबायचं, आणि हळूबाई म्हणणं सगळ्यांनी एकदम बंद केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कोणाला देणार? इतकी वर्षं घासलेलं काम एका जेवणात संपलं, आणि तिचा थकवा मला तिच्या पावलांत दिसायला लागला. ती आता पाय ओढत चालायची. पहिल्यांदाच तिच्या चालण्याचा आवाज यायला लागला.

दादाला मात्र तिने सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, उद्या सांगते. तो रोज माझ्या खोलीत येऊन शर्ट कुठवर आला ते बघायचा. मी काजं करायची राहिली आहेत असं सांगत होते. काजं कधीच झाली होती. शेवटी मीच वहिनीला म्हटलं, की तू सांग नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर मला नीट सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी तिने सांगितलं. मी उठून जायला निघाले तर दादाने हाताने खूण केली, बस.

त्याने सगळं ऐकलं. आश्चर्य म्हणजे मध्ये एकदाही खोकला नाही, जसा काही खोकलासुद्धा ऐकत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे त्या पेशी औषधाने गप्प बसत नव्हत्या. तुझ्या हाताने बसत होत्या."

"हो," वहिनी म्हणाली.

"मग मी का नाही बसत?" दादा म्हणाला. "मला तर तू इतकी वर्षं हळूच ओतते आहेस."

तो हसायला म्हणून बोलला होता. त्याचा स्वभावच तसा. पण वाक्य तोंडातून गेल्यावर त्यालाच ते पेललं नाही, आणि मग जो खोकला आला तो कितीतरी वेळ थांबेना. वहिनी उठली नाही. पाणी मी आणलं. शर्ट मी दुसऱ्या दिवशी त्याच्या पलंगावर ठेवला. त्याने तो घातला आणि तळघरात गेला. खांद्यात सैल होता, दोन बोटं मी जास्तच सोडली होती.

वहिनीने काम सोडलं नाही. मला वाटलं होतं सोडेल. मोठ्या बाईंनी तिला विचारलं की हृदयाकडे परत जायचंय का, ती नाही म्हणाली. आता तिच्याकडे नवीन औषधं येतात, सगळ्या नळ्या झाकलेल्या, आणि घालणारा वेगळा, धार सोडणारा वेगळा. तरी तिला हाताची खात्री वाटत नाही; नळ्या झाकल्या तरी मनात एखादी खाच दादाची ठरली की तो हळू होईल, असं तिला वाटतं. यंत्र घ्यायची त्यांच्या संस्थेची ऐपत नाही, तेव्हा हातच यंत्रासारखा करायचा असं तिने ठरवलं. घरी येऊन ती जेवणाच्या टेबलावर तिन्ही पेले रांगेत मांडते आणि पाणी ओतते. माझा, तिचा, दादाचा. सारख्या उंचीवरून, सारख्या धारेने, मधोमध. आधी माझ्या पेल्यातलं उडणं थांबलं, मग दादाच्या पेल्यात आवाज यायला लागला. आता तिन्ही पेले एकाच आवाजाने भरतात, तुम्ही डोळे मिटून ऐकलंत तर कुठला कोणाचा ते सांगता येणार नाही.

दादा तिला काही बोलला नाही. माझ्याकडे आला. मी एक ब्लाउज उसवत बसले होते. दारातच उभं राहून म्हणाला, "सुई, तिला सांग ना. मला पहिल्यासारखं ओत म्हणावं."

मी म्हटलं, तूच सांग की, बायको तुझी आहे. तो म्हणाला, मला नाही जमत. मग मी तिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि इतकी दमलेली नजर मी तिची कधी पाहिली नव्हती, अगदी त्या कापडावर बसली होती तेव्हाही नाही.

"हात दोन नाही ठेवता येत, ताई," ती म्हणाली. "इथे हळू सोडलं तर तिथेही सोडेन. आणि तिथे एकदा परत तसं झालं, तर मग त्याच्यासाठी खरं औषध आलं तरी मला कळणार नाही."

ती पुसत राहिली आणि भांडं फळीवर ठेवताना ते खणकन वाजलं.

आता दादाच्या पेल्यात पाणी मी ओतते. वहिनीने पेले मांडले की मी त्याचा आधीच उचलून माझ्याकडे घेते, ती उरलेले दोन भरते. पेला तिरका धरायचा, जग काठाला टेकवायचा आणि कडेने सोडायचं, हे मला बघून बघून पाठ आहे. पण माझा हात मुळात आडदांड, आणि वयही झालं. रोज थोडं सांडतं. दादा ते बाहीने पुसतो आणि पितो.